भागीरथीबाईंचा फोन

उत्तर रिकामं आलं की लोकांना बरं वाटतं. 'काही बाकी नाही' असं ऐकलं की माणूस खुर्चीत मागे रेलतो. मी मात्र पुढे वाकते आणि डोळे बारीक करते. या सवयीमुळे मला घरात बरीच नावं पडली आहेत. आमचे हे मला 'ठाणेदारीण' म्हणतात. मुलीला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लागली की हिंदीच येतं. ती म्हणते, "आई, तुम तो चाँद निकले तो उससे भी रसीद माँगोगी."

मागेन की. काय हरकत आहे?

आमचं घर झाशीत पिढ्यान् पिढ्यांचं. बाहेर बुंदेली, कचेरीत हिंदी आणि सैपाकघरात आमची जुनी मराठी, अशी माझ्या जिभेची वाटणी आहे. त्यामुळे लिहिताना कुठे हिंदी सांडली तर पुसून घ्या. नोकरी मी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये केली. लॅबचं नाव सांगत नाही, कारण तिथले डॉक्टरसाहेब अजून मला दिवाळीला मिठाई पाठवतात. सुया टोचणं, काचेवर नमुने बघणं हे माझं काम नव्हतं. माझं काम कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचं.

बाहेरच्यांना हे जरा समजावून सांगते. लॅबची सगळी माहिती तक्त्यांमध्ये असते. पेशंटचा एक तक्ता, तपासण्यांचा दुसरा, कुणाला फोन केला त्याचा तिसरा. या तक्त्यांना एसक्यूएल नावाच्या भाषेत प्रश्न विचारायचा, त्याला म्हणतात क्वेरी. ही भाषा फार सभ्य आहे. चुकीच्या प्रश्नालाही ती तितक्याच अदबीनं उत्तर देते. अडखळत नाही, लाजत नाही. खोटं बोलणारा माणूस निदान नजर चुकवतो, इथे तीही सोय नाही. म्हणून या धंद्यात माझ्यासारखी संशयी बाईच टिकते.

एकदा काउंटरच्या मॅनेजरनं माझ्या अपरोक्ष एक क्वेरी लिहिली आणि महिन्यात पेशंट दुपटीहून जास्त झाल्याचं डॉक्टरसाहेबांना दाखवलं. साहेबांनी पेढे मागवले. मी आधी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, "ही एवढी माणसं बसली कुठे होती? आपल्याकडे बाकं तर तेवढीच आहेत." झालं असं होतं की त्यानं पेशंटचा तक्ता तपासण्यांच्या तक्त्याला जोडला होता. ज्याच्या चार तपासण्या, तो माणूस चार वेळा मोजला गेला होता. मॅनेजर पुढे कित्येक दिवस माझ्याकडे बघून नमस्कारही करत नव्हता.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट दुसरी आहे, रामसेवकची.

रामसेवक मऊरानीपुरच्या बसवर कंडक्टर. आमच्या लॅबची छोटी छोटी केंद्रं मऊरानीपुरला, चिरगाँवला होती. तिथे घेतलेले नमुने बर्फाच्या डब्यात घालून बसनं झाशीला यायचे. मऊरानीपुरचा डबा रोज सकाळी रामसेवक स्वतः आणून द्यायचा. बस लॅबसमोरच्या स्टँडवर लागली की डबा बगलेत मारायचा आणि काउंटरवर ठेवून म्हणायचा, "लेओ, अमानत सँभारौ." म्हणजे, घ्या, ही ठेव सांभाळा. वर्षानुवर्षं त्यानं एक डबा फुटू दिला नाही की उन्हात ठेवला नाही.

त्याच्या बायकोला, शांतीला, छातीत गाठ लागली. तिचा नमुना मऊरानीपुरच्या केंद्रावर घेतला आणि नेहमीसारखा डब्यातून आला. म्हणजे रामसेवकनं तो स्वतःच आणला. मला म्हणाला, "मैडम जी, आज डब्बा बड़ो भारी लगो."

आमच्याकडे एक रीत होती. गंभीर काही निघालं तर लॅबच फोन करायची. काउंटरवर तशी पाटीच होती, आणि साऱ्या पंचक्रोशीला ती पाठ होती. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं लोक धरून चालत. रिपोर्ट न्यायलासुद्धा कितीतरी जण येत नसत. फोन करायचं काम शकुनजींचं. पन्नाशीच्या, आवाज मऊ, वाईट बातमी सांगताना आधी गावाकडचा पाऊस-पाणी विचारणाऱ्या. रोज सकाळी कॉम्प्युटर त्यांना एक यादी द्यायचा: ज्यांचा रिपोर्ट वाईट आहे आणि ज्यांना अजून फोन गेलेला नाही, अशांची. ती यादी काढणारी क्वेरी मी लिहिलेली.

माझी क्वेरी बरोबर होती, पण हळू होती. सुरुवातीला तरतरीत होती. मग पेशंट वाढले, फोन वाढले आणि ती गुडघे धरून चालायला लागली. शकुनजी यादीची वाट बघत स्वेटर विणायच्या. उपाय मला ठाऊक होता. मशीन प्रत्येक पेशंटसाठी फोनचा अख्खा तक्ता पहिल्यापासून चाळत होतं. त्या तक्त्याला इंडेक्स लावला असता, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे याची खूण मशीनला करून दिली असती, तर काम झालं असतं. पण सर्व्हरला हात लावायचा अधिकार नोएडाच्या कंपनीचा. त्यांनी अनुराग नावाचा इंजिनीअर पाठवला. हुशार, गोड बोलणारा. त्यानं माझी क्वेरी वाचली, "मैम, बहुत पुराना स्टाइल है," म्हणाला आणि सगळी नव्यानं लिहिली. इंडेक्सही लावला. यादी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच यायला लागली. डॉक्टरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली.

मला राग आला नव्हता असं म्हणणार नाही. पण राग आणि संशय मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. बरेच दिवस मी माझी जुनी आणि त्याची नवी, दोन्ही क्वेऱ्या शेजारी शेजारी चालवून बघितल्या. एका नावाचाही फरक नव्हता. तेव्हा मी जुनी बंद केली.

काही आठवड्यांनी शकुनजी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "मैडम जी, आजकल बड़ा आराम है. लिस्ट खाली आ रही है."

"कब से?"

"होली के बाद से ही समझ लीजिए. भगवान की कृपा है."

होळी होऊन बरेच दिवस झाले होते. मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अच्छा ही तो है. लोग जागरूक हो रहे हैं." बाहेर मॅनेजर म्हणाला, फोनसाठी एक पूर्ण माणूस ठेवायची आता गरज आहे का बघायला हवं. मला सगळ्यांचाच संशय आला. शकुनजी यादी उघडतच नाहीत की काय? मॅनेजरनं त्यांना काढायला काही खोडी केली का? आणि त्या नोएडावाल्यानं जाता जाता काय करून ठेवलं? देवाच्या कृपेवर माझा विश्वास आहे, पण ती कृपा झाशीवर एकाएकी होळीनंतर कशी सुरू झाली, हे मला समजेना.

अशा वेळी मी एक करते. मशीनला असा प्रश्न विचारते ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे. त्यासाठी एखादं ओळखीचं नाव हवं होतं. तेवढ्यात काउंटरवर डबा टेकल्याचा आवाज आला.

"रामसेवक भैया," मी हाक मारली, "घर में तबीयत कैसी है? रिपोर्ट का क्या हुआ?"

तो हसला. "फोन तौ नईं आओ मैडम जी. सो हमने मान लई कै सब ठीक हुइयै."

"पूछा नहीं किसी से?"

त्यानं मान खाली घातली. "डर लगत है पूछबे में. रोज आत हैं, शकुन दीदी के फोन तन हेर कैं चले जात हैं."

रोज येत होता. रोज त्या फोनकडे बघून जात होता, आणि फोन गप्प आहे म्हणून सुखानं बस घेऊन परतत होता. मी यादीबिदी बाजूला ठेवली आणि शांतीचं नाव घालून सरळ तिचाच रिपोर्ट उघडला. रिपोर्ट केव्हाच तयार होता. वर लाल खूण होती. फोन केल्याची नोंद नव्हती.

मी डॉक्टर नाही. ती गोष्ट त्याला सांगायचा मला अधिकार नव्हता. पण चेहऱ्याला कुलूप लावता येत नाही. तो काउंटरच्या पलीकडून माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"का निकरो?" काय निघालं, असं त्यानं विचारलं.

"डॉक्टर साहब से मिल लो भैया. अभी."

"हम तौ रोज इतईं आत हैं," तो म्हणाला. आवाज चढलाही नाही. "कोऊ ने कछू नईं कई."

त्याला आत सोडून मी परत आले. खुर्चीत बसले आणि क्वेरी उघडली, कारण रामसेवक एकटाच नसणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

काय झालं होतं ते जमेल तसं सोपं करून सांगते. चिरगाँवच्या पुढच्या काही गावांत मोबाइलला रेंज यायची ती फक्त किराणा दुकानाच्या चबुतऱ्यावर. म्हणून अर्धं गाव पेशंटच्या कागदावर दुकानदाराचाच नंबर देई. शकुनजी तिथे एकच फोन करायच्या, "भैया, मिस्त्री के घर से और काछी के घर से किसी को बुला दो," आणि मग ती माणसं येऊन उलट फोन करत. आता दुकानदाराला केलेला हा पहिला फोन कुणाच्या नावावर घालायचा? पूर्वी असे फोन त्या कुठेच नोंदत नसत. होळीच्या सुमाराला साहेबांनी हुकूम काढला की प्रत्येक फोन कॉम्प्युटरवर चढलाच पाहिजे. शकुनजी प्रामाणिक बाई. भलत्याच पेशंटचं नाव घालण्यापेक्षा त्यांनी तो नावाचा रकाना रिकामा सोडला. रिकामा सोडता यावा म्हणून त्यांनी अनुरागला फोन करून विनंती केली आणि त्यानं ती लगेच मान्यही केली.

रिकामा रकाना म्हणजे मशीनच्या लेखी शून्य नव्हे. त्याचा अर्थ 'माहीत नाही'. अनुरागची क्वेरी विचारत होती: फोन झालेल्यांमध्ये हा पेशंट नाही, अशी तुझी खात्री आहे का? मशीन फोनच्या नोंदी बघे. त्यात एक नोंद अशी, की फोन झाला पण कुणाला ते माहीत नाही. मग मशीन म्हणे, तो फोन याच पेशंटला झाला नसेल कशावरून? खात्री देता येत नाही. आणि ज्याची खात्री नाही, त्याला ते यादीत घेत नसे. एका रिकाम्या रकान्यामुळे प्रत्येक पेशंटबद्दल त्याचं हेच उत्तर. एवढा संशय तर मीही घेत नाही. माझ्या जुन्या क्वेरीत प्रश्न वेगळा होता: या पेशंटच्या नावाची फोनची नोंद सापडते का? सापडत नसेल तर दाखव. तिला रिकाम्या रकान्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि यादी अलीकडे आणखी झपाट्यानं येत होती त्याचंही कारण तेच. रिकामा रकाना दिसला की मशीन पुढे बघायचंच सोडून देत होतं.

मी जुनी क्वेरी परत लावली, त्याचा इंडेक्स मात्र ठेवला. यादी आली. पडदा भरून नावं आली, आणि खाली सरकवलं तर आणखी. शकुनजी माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. मग जाऊन फोनपाशी बसल्या आणि दिवसभर उठल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी कुणाला पाऊस-पाणी विचारलं नाही.

बरेचसे लोक वेळेत सापडले. चिरगाँवकडच्या त्या किराणा दुकानात फोन लावून शकुनजींनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव घेतलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, उनकी तो तेरहवीं भी हो गई." शकुनजींनी फोन खाली ठेवला. त्याच मिस्त्रीसाठी दुकानदाराला केलेला फोन त्यांनी रकाना रिकामा ठेवून नोंदला होता. तेव्हा त्याच्या घरचं कुणी आलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत तो पुन्हा येईल म्हणून त्या निश्चिंत राहिल्या होत्या. मला आजही त्या मिस्त्रीचा चेहरा माहीत नाही, पण मला त्याची आठवण होते.

अनुरागला मी फोन केला. तो म्हणाला, "मैम, टेस्ट में तो सब सही था." ते खरंच होतं. टेस्ट केली तेव्हा रिकामा रकाना एकही नव्हता. पोरगा रडवेला झाला होता, तेव्हा मी आणखी काही बोलले नाही. डॉक्टरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "बात यहीं तक रहे तो अच्छा है," ते म्हणाले. मी म्हटलं, राहील, पण माझी एक अट आहे.

मी डेटाबेसमध्ये एक खोटा पेशंट घातला. नाव भागीरथीबाई. ही बाई जगात नाही. तिचा रिपोर्ट कायमचा वाईट. तिच्या नावावर फोन नोंदला तरी रोज संध्याकाळी ती नोंद आपोआप पुसली जाते. म्हणजे यादी बरोबर निघत असेल तर तिच्यात भागीरथीबाई रोज असायलाच हव्यात. ज्या दिवशी त्या दिसणार नाहीत, त्या दिवशी यादी खोटं बोलते आहे असं समजायचं. यादी रिकामी येणं हेच मी अशक्य करून टाकलं. अनुरागला हे फार आवडलं. मॅनेजर म्हणाला, "मैडम, मरीज भी नकली बना लिए अब." शकुनजी मात्र रोज सकाळी यादी उघडून आधी तिचं नाव शोधायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "आ गईं बाई साहब," आणि मग कामाला लागायच्या.

भागीरथीबाईंच्या पुढे मोबाइल नंबर माझा घातला होता. कुठला तरी खरा नंबर हवाच होता.

शांतीचं ऑपरेशन ग्वाल्हेरला झालं. उशीर झाला होता, पण फार झाला नव्हता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ती वाचली. केस गेले ते परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. रामसेवक माझ्यावर रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही. पण डबा ठेवल्यावर 'अमानत सँभारौ' म्हणणं त्यानं सोडून दिलं. ठेवायचा आणि विचारायचा, "आज लिस्ट आई?" आली म्हटलं की जायचा.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. माझ्या पाठोपाठ शकुनजीही झाल्या आणि मुलीकडे कानपूरला गेल्या. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. तिला भागीरथीबाईंचं रहस्य कुणी नीट सांगितलंच नाही. पहिल्याच दिवशी मला तिचा फोन आला, "भागीरथी जी बोल रही हैं? माताजी, आपकी रिपोर्ट में थोड़ा कुछ आया है, घबराइए मत, आकर डॉक्टर साहब से मिल लीजिए." मी चहा पीत होते. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मग विचार बदलला. म्हटलं, "अच्छा बिटिया, मिल गई खबर." तेव्हापासून रोज सकाळी मला माझ्याच वाईट रिपोर्टचा फोन येतो. ती बिचारी रोज तितक्याच मायेनं सांगते. मला वाटतं, तिच्या मते म्हातारी विसरभोळी आहे. आमचे हे म्हणतात, सांगून टाक एकदा, काय छळ लावलाय त्या पोरीला. पण तिला सांगितलं की ती फोन करायचं थांबवेल. मग ठाणेदारिणीनं सकाळी पहारा कशावर द्यायचा?

परवा फोन आला नाही.

चहा झाला, पोहे झाले. आमचे हे म्हणाले, रजेवर असेल पोरगी. मुलगी म्हणाली, "आई, एक दिन तो चैन से बैठो." मी बसले, पण चैन नव्हतं. शेवटी मीच लॅबला फोन लावला. फोन त्याच मुलीनं उचलला.

"बिटिया, आज फोन नहीं किया?"

"अरे माताजी, आप!" तिचा आवाज आनंदानं फुलला होता. "नया सॉफ्टवेयर लगा है ना. आज लिस्ट बिल्कुल खाली है. आपका भी नाम नहीं है. आप ठीक हो गईं, माताजी!"

मी चपला पायात सरकवल्या आणि ऑटो केली.

लॅबच्या दारात रामसेवक भेटला, डबा देऊन परत निघाला होता. मला बघून थांबला. "का भओ मैडम जी? आप इतै?"

"आज फोन नहीं आया, भैया."

एके काळी हेच शब्द तो हसत हसत मला सांगत होता. आता त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. बाहेर त्याच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. त्यानं तिकडे वळूनही बघितलं नाही. मला काचेचं दार उघडून धरलं आणि माझ्या मागोमाग आत आला.